समुपदेशकाला सुपरव्हायझर कशाला?

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे. दहावीचा निकाल लागल्यापासून तिला विलक्षण धास्ती बसली. कॉलेजला निघायचं म्हटलं की पोटात गोळा, हातपाय गार. गेले चार महिने ती एका समुपदेशक ताईंकडे जाते आणि बराच फरक आहे. परवा ताई मला म्हणाल्या, "तुमच्या मुलीच्या केसबद्दल मी माझ्या सुपरव्हायझरशी बोलेन म्हणते. सेशनचा थोडा भाग रेकॉर्ड केला तर चालेल का?" मी गडबडले. ताई शिकलेल्या आहेत, आठ-दहा वर्षांचा अनुभव आहे. मग त्यांच्यावर सुपरव्हायझर कशाला? त्यांना माझ्या मुलीचं जमत नाहीये का? आणि या सुपरव्हायझरला तरी हे काम कोण शिकवतं?
– एक आई, डोंबिवली

उत्तर : जमत नसतं तर ताईंनी ते तुम्हाला कळूच दिलं नसतं. त्यांनी सांगितलं, परवानगी मागितली, यावरूनच त्यांचं काम नीट चाललंय असं मी म्हणेन.

घोटाळा केलाय तो शब्दाने. सुपरव्हायझर म्हटलं की आपल्याला परीक्षेच्या वर्गात बाकांमधून फेऱ्या मारणारे सर आठवतात, नाहीतर कारखान्यात वही घेऊन उभा राहिलेला माणूस. शिक्षक मंडळी मार्च महिन्यात "आज माझी सुपरव्हिजन आहे" म्हणतात तेव्हा तीन तास कॉपीवर नजर ठेवायची असते. समुपदेशनातली सुपरव्हिजन वेगळी. आठवड्याच्या किंवा पंधरवड्याच्या ठरलेल्या वेळी समुपदेशक एका जाणत्या सहकाऱ्यापुढे बसते, हातातल्या केसेस मांडते, कुठे अडलं ते सांगते, रेकॉर्डिंगमधली पाच-दहा मिनिटं ऐकवते आणि दोघं मिळून पुढचं ठरवतात. 'पर्यवेक्षण' हा मराठी शब्द आहे, पण तो परिपत्रकातून बाहेर पडून कुणाच्या तोंडी बसलेला नाही. तेव्हा आपण सुपरव्हिजनच म्हणू.

या प्रकारातली सगळ्यात गाजलेली जुनी केस एका लहान मुलाचीच आहे. व्हिएन्नातला एक पाच वर्षांचा मुलगा घोड्यांना इतका घाबरायला लागला की रस्त्यावर पाऊल टाकेना. त्या काळी रस्ताभर घोडागाड्या, म्हणजे पोराची घरातच कैद. त्याच्यावर उपचार केले त्याच्या वडिलांनी, मॅक्स ग्राफ या संगीत समीक्षकाने. मुलगा काय म्हणाला, त्यावर आपण काय म्हणालो, हे ते लिहून मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांना कळवत आणि फ्रॉइड पुढची दिशा सांगत. या सगळ्या उपचारात फ्रॉइडनी मुलाला गाठलं ते एकदाच, १९०८च्या मार्चमध्ये. पुढच्या वर्षी त्यांनी 'छोटा हान्स' या नावाने ती केस प्रसिद्ध केली. मुलगा मोठा होऊन नामांकित ऑपेरा दिग्दर्शक झाला, तेव्हा फार काही बिघडलं नसावं. पण आजच्या नजरेने पाहिलं तर गोंधळच आहे : वडीलच उपचार करणारे आणि सुपरव्हायझर मुलाला जवळजवळ न भेटलेले. सुपरव्हिजन कशी करायची हे फ्रॉइडना कुणी शिकवलेलं असण्याचा प्रश्नच नव्हता.

पद्धत म्हणून ती रुजली बर्लिनमध्ये. मॅक्स आयटिंगन यांच्या पुढाकाराने १९२०मध्ये तिथे मनोविश्लेषणाचा दवाखाना निघाला. नवशिक्याने स्वतःचं विश्लेषण करून घ्यायचं, व्याख्यानं ऐकायची आणि अनुभवी माणसाच्या नजरेखाली केसेस हाताळायच्या, असा तिपायी शिरस्ता तिथे पडला. पुढे वादही लागला. नवशिक्याच्या मनाची उकल करणारा आणि त्याच्या केसेस पाहणारा माणूस एकच असावा, असं बुडापेस्टवाल्यांचं म्हणणं. दोन वेगळे असावेत, असं व्हिएन्नावाल्यांचं. व्हिएन्नाचं म्हणणं टिकलं आणि बरं झालं. तुमच्या ताई सुपरव्हायझरकडे आपलं दुःख हलकं करायला जात नाहीत, तुमच्या मुलीचं काम घेऊन जातात.

तेव्हाची अडचण ही होती की समुपदेशक जे आठवून सांगेल तेवढंच सुपरव्हायझरला कळणार. आणि माणूस आपली चूक नेमकी विसरतो. १९४०च्या सुमारास अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सनी समुपदेशनाची संभाषणं तबकड्यांवर ध्वनिमुद्रित करायला घेतली आणि १९४२च्या पुस्तकात एक अख्खी केस शब्दशः छापली. तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की "मी फक्त ऐकत होतो" असं सांगणारा समुपदेशक प्रत्यक्षात दर दोन वाक्यांना सल्ला देत असतो. १९६०च्या दशकात फिलाडेल्फियातल्या मुलांच्या दवाखान्यात कुटुंबोपचार करणारे साल्वाडोर मिनुचिन आणि जे हेली एकतर्फी काचेमागे बसून पाहत आणि गरज पडली तर खोलीतला फोन वाजवत. "आईला बोलू द्या, मुलाकडे वळा," एवढं सांगून रिसीव्हर खाली. ताईंच्या रेकॉर्डिंगचं घराणं हे असं आहे.

आता तुमचा खरा प्रश्न, या सुपरव्हायझरला कोण शिकवतं. बराच काळ याचं उत्तर 'कुणीच नाही' असं होतं. वीस वर्षं प्रॅक्टिस झाली, केस पांढरे झाले, की माणूस आपोआप सुपरव्हायझर. मला हे कधीच पटलं नाही. क्रिकेटचे नावाजलेले प्रशिक्षक रमाकांत आचरेकर स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. मैदानावरचे किती महारथी चांगले प्रशिक्षक झाले, ते तुम्हीच मोजा. खेळणं आणि खेळवणं या दोन वेगळ्या विद्या आहेत.

नवा सुपरव्हायझर हमखास करतो ती चूक अशी. समुपदेशक केस सांगायला लागते आणि याच्यातला उपचारक जागा होतो. "मी असतो तर तिला वडिलांबद्दल विचारलं असतं." झालं. समुपदेशकाच्या डोक्यावरून हात लांबवून तो त्या मुलीवरच उपचार करायला लागतो आणि समोरची बाई निरोप्या होऊन बसते. प्रशिक्षणात हे आधी मोडून काढावं लागतं. अमेरिकेतल्या जेनिन बर्नार्ड यांनी १९७९मध्ये मांडलेली एक साधी मांडणी त्यासाठी अजून वापरतात : सुपरव्हायझरने कधी शिक्षक व्हायचं, कधी समुपदेशक, कधी सल्लामसलतीतला बरोबरीचा माणूस, आणि या घडीला आपण यातलं कोण आहोत, हे ओळखायचं. हे बोलून दाखवणं सोपं, करणं अवघड. म्हणून चांगल्या अभ्यासक्रमात शिकाऊ सुपरव्हायझरला स्वतःच्या सुपरव्हिजनचं रेकॉर्डिंग आणायला लावतात आणि इतर जण ते ऐकतात. हो, म्हणजे सुपरव्हायझरलाही सुपरव्हायझर! साखळी कुठेतरी थांबवावीच लागते. बहुधा ती बरोबरीच्यांच्या गटात थांबते.

मुलांबरोबर काम करणाऱ्यांची सुपरव्हिजन याहून अवघड. मोठा माणूस समुपदेशकाकडे एकटा येतो. मूल येतं तेव्हा मागे आई, बाबा, आजी, वर्गशिक्षिका आणि क्लासवाले सर अशी रांग असते. त्यात समुपदेशक स्वतः तेवीस-चोवीस वर्षांची असेल तर तिला ते मूल म्हणजे धाकटं भावंडच वाटतं. 'या पोराला या घरातून मी सोडवणार' ही ऊर्मी तिच्यात कधी शिरली, हे तिचं तिला कळत नाही. ती नकळत आईवर चिडायला लागते. आईला हे बरोबर कळतं आणि मुलाचं येणं बंद होतं. आईविषयी बोलताना समुपदेशकाचा आवाज बदलतोय, हे बाहेरून ऐकणाऱ्याला पकडता यायला हवं. फक्त मोठ्यांबरोबर काम केलेल्या सुपरव्हायझरच्या कानाला हे लागेलच असं नाही.

आणखी एक मजेदार प्रकार असतो. समजा, पंधरा वर्षांचा एक मुलगा सहा सेशन्स प्रत्येक प्रश्नाला "माहीत नाही" एवढंच म्हणतोय. त्याची समुपदेशक सुपरव्हिजनला येते. "तुला काय वाटतं?" "माहीत नाही." "पुढे काय करावं?" "सुचत नाही." मुलाने तिला जिथे नेऊन बसवलं, तिथेच तिने सुपरव्हायझरला नेऊन बसवलं. हॅरल्ड सर्ल्स या अमेरिकन मनोविश्लेषकाने १९५५मध्येच हे टिपलं होतं. शिकलेला सुपरव्हायझर इथे वैतागत नाही, तिला म्हणतो, "आत्ता मला जसं हतबल वाटतंय, तसं तुला त्याच्यासमोर वाटत असेल, नाही का?" त्यावर ती बोलायला लागते आणि बरेचदा पुढच्या आठवड्यात तो मुलगाही.

मग कायदा येतो, आणि इथे चूक करून चालत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलामुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते पोलिसांना कळवणं २०१२च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. समुपदेशक याला अपवाद नाही. न कळवणं हाच गुन्हा. सतरा वर्षांची मुलगी आपल्या मित्राबद्दल विश्वासाने काही सांगते, त्यात तिला काही वावगं वाटत नाही, पण कायद्याच्या लेखी तिची संमती ही संमतीच नसते. अशा दुपारी समुपदेशकाला एकटीने निर्णय घ्यायला लावणं हे क्रौर्य आहे, तिच्यावर आणि त्या मुलीवरही. हातावर कापून घेतलेल्या खुणा दिसल्या, मरणाची भाषा कानावर आली, की त्याच दिवशी फोन उचलणारा सुपरव्हायझर लागतो. पुढच्या गुरुवारी भेटणारा नव्हे.

सुपरव्हायझरांच्या प्रशिक्षणाची सरकारी पातळीवर घडी बसवली ती इंग्लंडने. मुलांच्या मानसिक आरोग्य सेवा सुधारण्याचा जो कार्यक्रम तिथे २०११मध्ये सुरू झाला, त्यात उपचार करणारे, त्यांचे सुपरव्हायझर आणि सेवा चालवणारे अशा तिघांना बरोबरीने शिकवायचं ठरलं. २०१७च्या डिसेंबरात याच विषयावर निघालेल्या सरकारी मसुद्यानंतर तर शाळांमध्ये एक वर्ष शिकलेले नवे कार्यकर्ते नेमायला सुरुवात झाली. सौम्य ते मध्यम चिंता, उदासी असले त्रास त्यांनी हाताळायचे. एक वर्ष शिकलेल्याला शाळेत सोडायचं तर त्याच्यामागे पक्का माणूस हवा, म्हणून विद्यापीठांनी सुपरव्हायझरांचेही अभ्यासक्रम काढले. या कार्यकर्त्यांना सुपरव्हिजन दोन प्रकारची. एकीत हातातल्या सगळ्या केसेसचा झपझप आढावा, म्हणजे एखादं गप्प मूल यादीत बुडून जात नाही. दुसरीत एखादंच रेकॉर्डिंग घेऊन कसब घासूनपुसून घ्यायचं. ही विभागणी मला फार शहाणपणाची वाटते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी गाजणाऱ्या केसवरच तासभर बोलणं होतं.

आपल्याकडे काही नाही असंही नाही. गोव्यातल्या 'संगत' या संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशन शिकवलं आणि सुपरव्हिजनचा तुटवडा वेगळ्याच वाटेने सोडवला. समुपदेशकांनी गटात बसून एकमेकांची रेकॉर्डिंग्ज ऐकायची आणि ठरलेल्या मोजपट्टीवर गुण द्यायचे. तज्ज्ञांनी दिलेल्या गुणांशी ते गुण बऱ्यापैकी जुळले. तिथलं काम मोठ्या माणसांसाठी होतं. पुढे दिल्लीच्या सरकारी शाळांमधल्या किशोरवयीन मुलांसाठीही याच संस्थेने अशाच समुपदेशकांना तयार केलं. महाराष्ट्रात सरकारी रुग्णालयांतून किशोरांसाठी 'मैत्री' क्लिनिकं आहेत, अनेक शाळांत समुपदेशक आहेत. पण सुपरव्हायझर? शिकत असताना देखरेख असते, नोकरी लागली की संपते. शाळेतल्या समुपदेशकाच्या वर मुख्याध्यापक असतात; ते तिच्या रजेवर सही करतात, पण केसमधलं त्यांना काही सांगता येत नाही आणि सांगूही नये. मग ती बिचारी एका खोलीत एकटी. तुमच्या ताईंसारख्या पुष्कळ जणी स्वतःच्या खिशातून पैसे भरून सुपरव्हिजन घेतात, हे पालकांना माहीत नसतं.

सुपरव्हिजनने मुलं जास्त लवकर बरी होतात का? ठाम 'हो' म्हणण्याइतका पुरावा नाही. २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात नैराश्याचे १२७ मोठे रुग्ण होते. ज्यांच्या उपचारकांना सुपरव्हिजन मिळाली, त्यांना जास्त फायदा झाला आणि त्यांनी उपचार मध्येच सोडायचं प्रमाणही कमी राहिलं. पण २०११मध्ये एका अभ्यासकाने तीस वर्षांचं संशोधन चाळलं, तेव्हा नाव घेण्याजोगे अभ्यास फार थोडे सापडले. मी सुपरव्हिजनच्या बाजूने आहे ती या आकड्यांमुळे नाही. आठवडाभर पोरांची दुःखं ऐकणारी बाई कुणाशीच बोलत नसेल, तर दोन वर्षांत ती एकतर करपते किंवा कोडगी होते, हे मी जवळून पाहिलं आहे.

तेव्हा ताईंना हो म्हणा. फक्त चार गोष्टी विचारून घ्या : रेकॉर्डिंगमध्ये मुलीचं आडनाव, कॉलेज येणार नाही ना, ते कोण ऐकणार, कधी पुसणार, आणि सुपरव्हायझरांनी किशोरवयीन मुलांबरोबर स्वतः काम केलंय का. शेवटच्या प्रश्नाने ताई दुखावणार नाहीत, उलट खूश होतील. आणि होकार कळवण्याआधी लेकीला विचारा. ती नको म्हणाली, तर रेकॉर्डिंग नको.