पद्मिनीचा वॉटर पंप

प्रश्न : वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीला नवा वॉटर पंप बसवला, तरी पाणी गळतंच. काय करावं?
– एक वाचक, गुढियारी, रायपूर

उत्तर : आधी गळती नेमकी कुठून आहे ते पाहा. पंपाखालच्या बारीक भोकातून थेंब येत असतील तर आतलं सील गेलंय. पंप नवा असला तरी बदलून घ्या. जोडातून येत असतील तर दोष बहुधा बसवण्यात आहे. जुन्या गॅस्केटची पापडी अलगद खरवडा, जागा कोरडी करा, नव्या कागदी गॅस्केटला सीलंटचा अगदी पातळ हात द्या. जाड थराचे तुकडे सुटून रेडिएटरच्या नळ्यांत अडकतात. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. थर्मोस्टॅट काढून टाकायला कोणी सांगितलं तर ऐकू नका, रायपूरच्या मे महिन्यातही! इंजिन वेळेत तापलं नाही तर पेट्रोल जास्त जातं, झीजही वाढते. आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका.