शके ८२२ चा ताम्रपट आणि पिला गावाचं इतिहास मंडळ



उद्या वर्गात फळ्यावर किंवा घरी वहीच्या पानावर एक तिथी लिहा : शके ८२२, वैशाख, कृष्णपक्ष, चतुर्थी, सोमवार. मग मुलांना विचारा, "ही तिथी कुठे कोरलेली सापडली असेल?" कुणी म्हणेल पैठण, कुणी कोल्हापूर, कुणी वेरूळ. सगळ्यांची उत्तरं ऐकून घ्या आणि मग नकाशावर फिलिपिन्सवर बोट ठेवा. मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात!

आजचा पाठ या तिथीचा आहे, आणि त्याहून जास्त तो एका छोट्या गावातल्या इतिहास मंडळाचा आहे.

वाळूतून निघालेला पत्रा

फिलिपिन्सच्या लुझोन बेटावर, राजधानी मनिलाच्या आग्नेयेला, एक प्रचंड मोठं सरोवर आहे. त्याचं नाव लगुना दे बाय. लगुना म्हणजे सरोवर आणि बाय हे काठावरच्या एका गावाचं नाव. १९८९ मध्ये या सरोवराला मिळणाऱ्या लुंबान नदीच्या मुखाजवळ वाळू उपसण्याचं काम चालू होतं. वाळूबरोबर तांब्याचा एक काळवंडलेला, चुरगळलेला पत्रा वर आला. आकाराने वहीच्या पानाएवढा. त्यावर बारीक अक्षरांच्या दहा ओळी होत्या.

ज्याला तो सापडला त्याने तो विकायला काढला. जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांना त्यात फारसा रस वाटला नाही. शेवटी मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयाने तो विकत घेतला. विचार करा, एखाद्या भंगारवाल्याने तो वितळवला असता तर?

ही अक्षरं वाचली अंतून पोस्तमा यांनी. हे मूळचे डच अभ्यासक फिलिपिन्समधल्या मिंदोरो बेटावर मांग्यान आदिवासींमध्ये राहत होते. लिपी निघाली कावी, म्हणजे जावा बेटावर वापरली जाणारी जुनी लिपी. तिचं मूळ दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीत आहे. भाषा जुनी मलय, पण संस्कृत शब्दांनी भरलेली. सुरुवातच 'स्वस्ति' या शब्दाने, आणि पुढे तीच तिथी, जी आपण फळ्यावर लिहिली.

आता मुलांना गणित करू द्या. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतं. ८२२ + ७८ = ९००. अभ्यासकांनी काढलेली नेमकी तारीख आहे २१ एप्रिल ९००. त्या काळी आपल्याकडे राष्ट्रकूट राजा दुसरा कृष्ण राज्य करत होता आणि त्याच्या वंशाचे ताम्रपटही शकातच तिथी देत. तोच शक समुद्रापलीकडे जावात रूढ झाला होता आणि तिथल्या लेखनपद्धतीबरोबर लुझोनपर्यंत पोचला होता.

फिलिपिन्सला या पत्र्याने काय दिलं? तोपर्यंत तिथला लिखित इतिहास साधारण १५२१ पासून, म्हणजे मॅगेलनची जहाजं आली तेव्हापासून सुरू होतो असं शिकवलं जात होतं. हा पत्रा तो इतिहास सहाशे वर्षांहून अधिक मागे घेऊन गेला.

लिहिलंय तरी काय?

राजाची स्तुती नाही, युद्धाचं वर्णन नाही. हा आहे कर्ज फिटल्याचा दाखला! नामवरान नावाच्या माणसावर सोन्याचं कर्ज होतं, १ कटी आणि ८ सुवर्ण. ते पूर्ण फिटलं असं अंगकातान ही त्याची मुलगी आणि बुका हा तिचा भाऊ यांना लिहून दिलेलं आहे. पुढे कुणी 'कर्ज अजून बाकी आहे' असं म्हणालं तर... इथे वाक्य अर्धवट राहतं. पुढचा मजकूर दुसऱ्या पत्र्यावर असावा, तो सापडलेला नाही.

या दाखल्यात काही गावांची नावं येतात : तुंडुन, पाइला, पुलिरान, बिनवांगान. तुंडुन म्हणजे आजच्या मनिलातलं तोंडो. बाकीची कुठली? पिलाच्या मंडळाची गोष्ट इथूनच सुरू होते.

एका अक्षराचा प्रश्न

पोस्तमांनी ही तीन नावं मनिलाच्या उत्तरेकडच्या बुलाकान प्रांतात शोधली. तिथे पुलिलान नावाचं गाव आहे, पाइला आहे, बिनवांगानही आहे. नावं जुळली, त्यामुळे तर्क पटण्यासारखा होता आणि तो सगळीकडे स्वीकारला गेला.

पण पत्रा तर लगुना सरोवराच्या काठी सापडला होता! आणि त्याच काठावर, सापडल्या जागेपासून जवळच, पिला नावाचं गाव आहे. पाइला आणि पिला. तिथल्या माणसांच्या मनात शंका येणं साहजिकच होतं. पण 'आम्हाला वाटतं' हा काही पुरावा नसतो.

पिला हिस्टॉरिकल सोसायटी फाउंडेशन ही त्या गावाची इतिहास संस्था. गावातली जुनी घरं आणि गावाची आठवण जपणं हे तिचं काम. स्थानिक इतिहासाचे अभ्यासक हायमे तिओंगसोन यांनी हा प्रश्न हाती घेतला आणि ते जुन्या शब्दकोशांकडे वळले. स्पॅनिश धर्मगुरूंनी तागालोग भाषा शिकण्यासाठी कोश तयार केले होते. त्यांतला एक फार महत्त्वाचा कोश पेद्रो दे सान बुएनाव्हेंतुरा यांचा, १६१३ साली छापलेला. आणि तो छापला गेला कुठे? पिला गावातच! तोमास पिनपिन आणि दोमिंगो लोआग या स्थानिक मुद्रकांनी तो छापला.

त्या कोशात 'पुलिलान' हा शब्द आहे आणि तो या सरोवरासाठी वापरलेला आहे. म्हणजे पुलिरान हे दूरच्या बुलाकानमधलं गाव नसून समोरच पसरलेल्या पाण्याचं जुनं नाव असू शकतं. आणि पुलिरान इथलं असेल, तर पाइला म्हणजे पिला हेही जास्त सयुक्तिक ठरतं. २००६ मध्ये तिओंगसोन यांनी हा युक्तिवाद मांडला. त्यावर सगळ्या अभ्यासकांचं एकमत झालंय असं नाही, पण आता ही नावं शिकवताना पिलाचा दावा वगळता येत नाही.

पिलाचं जुनेपण फक्त नावावर उभं नाही, हेही सांगायला हवं. १९६० च्या दशकात पिलाच्या पिनाग्बायानान भागात उत्खनन झालं, तेव्हा स्पॅनिश लोक येण्यापूर्वीची वस्ती आणि चिनी मातीची भांडी सापडली होती. चौकाभोवतीच्या जुन्या घरांसह पिला गावाला २००० साली राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

मग यात शिकण्यासारखं काय?

पोस्तमा चुकले आणि गावकरी जिंकले, अशी ही गोष्ट मुलांना सांगू नका. पोस्तमांनी लिपी वाचली नसती तर पिलाकडे बोलायला काहीच नसतं. पण लिपी वाचणाऱ्याला सरोवराचं जुनं नाव ठाऊक असेलच असं नाही. ते गावाजवळ असतं, कधी आजीच्या बोलण्यात, कधी चारशे वर्षांपूर्वीच्या कोशात. आणि ते शोधायला ज्याला गरज वाटते असा माणूस लागतो. स्थानिक इतिहास मंडळाचं खरं काम हेच : मोठ्या संशोधनाला आपल्या मातीची माहिती पुरवणं, आणि आपल्या अभिमानाला पुराव्याची शिस्त लावणं. यातलं पहिलं आपल्याला आवडतं, दुसरं करताना कंटाळा येतो. 'आमचं गाव पांडवांच्या काळापासूनचं आहे' असं म्हणणं सोपं. कोश उघडून एक शब्द शोधणं अवघड.

आणि हे काम थांबलं की नावं जातात. सरोवराला आज कुणी पुलिरान म्हणत नाही. ते नाव एका पत्र्यात आणि एका कोशात राहिलं म्हणून वाचलं. तुमच्या गावातल्या ओढ्याचं नाव कुठे लिहिलेलं आहे का?

मुलांसाठी उपक्रम

१. ताम्रपटातल्या तिथीतले कोणते शब्द आपल्या घरच्या कॅलेंडरमध्ये आजही आहेत, ते शोधा.

२. स्वतःच्या जन्मवर्षाचा शक काढा. (गुढीपाडव्याच्या आधी जन्म असेल तर ७८ ऐवजी ७९ वजा करावे लागतील. का, ते मुलांनाच शोधू द्या.)

३. सातबारा उताऱ्यावर शेताच्या स्थानिक नावाची जागा असते. घरी उतारा असेल तर ते नाव वाचा आणि आजी-आजोबांना विचारा, हे नाव कशावरून पडलं? शहरातल्या मुलांनी आपल्या गल्लीचं, चौकाचं किंवा बुजवलेल्या तळ्याचं जुनं नाव विचारावं.

४. मिळालेल्या प्रत्येक नावापुढे तीन रकाने करा : कुणी सांगितलं, कधी सांगितलं, दुसरा पुरावा काय. तिसरा रकाना रिकामा राहिला तर राहू द्या, पण खोटा भरू नका.

वर्षभरात अशी पन्नास नावं जमली तर ती वही शाळेत जपून ठेवा. पुढे कुणाला तरी तिचा उपयोग होईल.

मुलांनी काय काय शोधून आणलं, ते आम्हाला जरूर कळवा.