पहिली किक मारण्यापूर्वी

लखनौहून कानपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर सरोजिनीनगर येथे स्कूटर्स इंडिया लिमिटेड हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना होता. इटलीतील मिलान शहरात फेर्दिनांदो इनोचेंती यांच्या कारखान्यात १९४७ पासून लांब्रेटा स्कूटर तयार होत असे. तेथील उत्पादन १९७१ च्या सुमारास थांबले, आणि ती सगळी यंत्रसामग्री भारत सरकारने विकत घेऊन लखनौस आणविली. कंपनीची स्थापना १९७२ मध्ये झाली. १९७५ पासून येथे तयार झालेली स्कूटर देशात ‘विजय सुपर’ या नावाने आणि परदेशात ‘लांब्रेटा’ याच नावाने विकली गेली. दुचाकींचे उत्पादन १९९७ मध्ये बंद पडले. पुढे कारखाना तीनचाकी ‘विक्रम’वर तग धरून राहिला, पण जानेवारी २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तो कायमचा बंद करण्यास मंजुरी दिली.

याचा अर्थ असा की, लखनौच्या एखाद्या जुन्या घराच्या देवडीत, ताडपत्रीखाली वीस-पंचवीस वर्षे उभी असलेली विजय सुपर आता अनाथ आहे. तिचा जन्मदाता उरलेला नाही. जो नवशिका ती पुन्हा चालू करू पाहतो, त्याने ही गोष्ट आधी मनात पक्की धरावी. कारण या कामातील सर्वांत मोठी चूक पहिल्याच दिवशी, आणि तीही उत्साहाच्या भरात, होत असते. ताडपत्री काढली जाते, टाकीत ताजे पेट्रोल ओतले जाते, शेजारीपाजारी गोळा होतात आणि किक मारली जाते. दुर्दैवाने कधीकधी इंजिन सुरूही होते.

‘दुर्दैवाने’ हा शब्द येथे विचारपूर्वक वापरला आहे. त्यामागचे कारण समजण्यासाठी दोन धावांच्या इंजिनाची रचना थोडी तपशिलाने पाहावी लागेल. या इंजिनात वंगणासाठी वेगळी व्यवस्था नसते. पेट्रोलमध्येच तेल मिसळलेले असते, आणि हे मिश्रण हवेबरोबर प्रथम पिस्टनच्या खालच्या बंद कोठीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, ओढले जाते. तेथून ते वर सिलिंडरमध्ये ढकलले जाते. ही कोठी सायकलच्या पंपासारखी काम करते, म्हणून ती हवाबंद असणे अत्यावश्यक असते. क्रँकशाफ्ट जेथून बाहेर पडतो तेथे दोन्ही बाजूंना रबरी ऑइल सील बसविलेले असतात. वर्षानुवर्षे न फिरलेल्या इंजिनात हे रबर वाळते, कडक होते व त्याची कड शाफ्टला नीट टेकत नाही. लखनौत मे महिन्यातील ‘लू’, पावसाळ्यातील दमटपणा आणि पौषातील धुके हे तिन्ही त्याच्या वाट्याला आळीपाळीने आलेले असतात.

फ्लायव्हीलच्या बाजूचा सील गेला असेल, तर कोठीत बाहेरची हवा शिरते. मिश्रण पातळ होते, म्हणजे हवा जास्त व पेट्रोल कमी. पेट्रोल कमी आले की त्याच्याबरोबर येणारे तेलही कमी आले. अशा वेळी इंजिन मोठ्या जोमाने फिरते, थ्रॉटल सोडला तरी खाली उतरत नाही, आणि नवशिक्याला वाटते की गाडीत अजून केवढी ताकद आहे! प्रत्यक्षात पिस्टन तापून फुगत असतो आणि काही मिनिटांतच सिलिंडरच्या भिंतीला चिकटतो. मिस्त्री याला ‘सीझ होणे’ म्हणतात. मराठीत ‘जाम होणे’ म्हणता येईल, परंतु त्या शब्दात धातूला धातू ओरबाडल्याची वेदना येत नाही. दुसऱ्या, क्लचच्या बाजूचा सील गेला असल्यास मात्र गिअरचे तेल आत ओढले जाते आणि पांढऱ्या धुराचा लोट निघतो. हा दोष दिसायला भयंकर, पण पहिल्यापेक्षा पुष्कळ सौम्य होय.

म्हणून किक मारण्यापूर्वी इंजिन उघडावे. लांब्रेटाचा सिलिंडर स्कूटरच्या मध्यभागी, पुढच्या दिशेने आडवा असतो. बजाजच्या चेतकप्रमाणे इंजिन एका बाजूला नसते, त्यामुळे गाडी कलती करून किक मारण्याची आपल्याकडील सवय येथे उपयोगाची नाही. हवा खेळविणारे पत्र्याचे आच्छादन काढले, की सिलिंडरचे डोके चार नटांवर बसविलेले दिसते. ते काढून पिस्टन व भिंत प्रत्यक्ष पाहावी. पिस्टन हलत नसेल तर डिझेल व तेल यांचे मिश्रण त्याच्या कडेने सोडावे आणि दोन-चार दिवस थांबावे. सिलिंडर आडवा असल्याने तेल खालच्या बाजूस साचते, हे ध्यानात ठेवून ते पुन्हा पुन्हा सोडावे लागते. नंतर फ्लायव्हील हाताने अलगद, मागेपुढे फिरवावे. लाकडाचा ठोकळा आणि हातोडी यांचा मोह टाळावा. दोन्ही सील मात्र कसे दिसतात याचा विचार न करता बदलावेत. त्यांची किंमत किरकोळ असते. फ्लायव्हील काढण्यासाठी त्याचा खास पुलर मिळवावा. हातोडीने ठोकून काढलेले फ्लायव्हील पुन्हा सरळ फिरेलच याची शाश्वती नाही.

सील बदलल्यावर एक परीक्षा घरच्या घरी करता येते. कार्बुरेटरचे व धुराड्याचे तोंड रबर आणि पत्र्याने बंद करावे, सायकलच्या पंपाने आत अगदी थोडी हवा भरावी आणि सर्व सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. जेथे बुडबुडे येतील तेथे गळती आहे. या परीक्षेला अर्धा तास लागतो, आणि ती टाळणारे पुष्कळ असतात.

आता पेट्रोलकडे वळू. जुने पेट्रोल उडून जाऊन टाकीच्या तळाशी डिंकासारखा थर राहतो आणि गंजाचे कण त्यात अडकतात. कार्बुरेटरचे जेट केसासारखे बारीक असते. एक कण पुरतो. लखनौचा मिस्त्री असो वा कोल्हापूरचा, दोघेही कार्बुरेटर उघडून एकच निदान करतात: ‘कचरा!’ ते बहुधा बरोबरच असते. परंतु अलीकडे एक नवी अडचण निर्माण झाली आहे. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते, जुन्या रबरी नळ्या फुगविते, आणि जुन्या मापाच्या जेटमधून आल्यास मिश्रण आणखी पातळ करते. हवेच्या गळतीत याची भर पडली, तर परिणाम काय होईल ते वर सांगितलेच आहे. म्हणून नळ्या नव्या घालाव्यात, जेट एक पायरी मोठे लावून पाहावे आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करावी.

विजेच्या बाबतीत फारसे लिहिण्याजोगे नाही. पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ करून त्यांतील अंतर ०.३५ ते ०.४५ मिलिमीटर ठेवावे, कंडेन्सर नवा घ्यावा. गिअरपेटीतील तेल काढून ९० क्रमांकाचे नवे तेल सुमारे ७०० मिलिलिटर भरावे. टायर कितीही चांगले दिसोत, बदलावेत. ब्रेकचे पट्टे तसेच.

राहिला रंगाचा प्रश्न. नवशिका बहुतेक वेळा येथूनच सुरुवात करतो: पत्रा घासून चकचकीत रंग, जागोजागी क्रोमचा मुलामा, जमल्यास नव्या पद्धतीचा दिवा. हे करण्याआधी गाडीच्या नोंदणीपुस्तकातील तारीख पाहावी. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेले वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. त्याच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. पहिल्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षे टिकते. मात्र वाहन मूळ स्वरूपात असावे, सांगाडा, बाह्यांग किंवा इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट आहे. शिवाय ते रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रोज बाजारहाट करावयाची असेल, तर तपासणी करून साध्या नोंदणीचे नूतनीकरण हाच मार्ग. सरोजिनीनगरच्या पहिल्या स्कूटरींना २०२५ मध्ये पन्नास वर्षे झाली. ज्यांच्याकडे त्या काळातील गाडी आहे, त्यांनी कारखान्याचा फिकट रंग व इंजिनावरील क्रमांक जपावेत. फार तर धुऊन मेण लावावे.

एवढे झाल्यावर पहिली किक. पेट्रोलमध्ये एका लिटरला ४० मिलिलिटर तेल घालावे, धुराड्यातील काजळी आधी जाळून अथवा खरवडून काढावी, आणि हात थ्रॉटलवर न ठेवता पेट्रोलच्या चावीवर ठेवावा. इंजिन आपोआप वेग घेऊ लागले, तर चावी बंद केल्याने ते लगेच थांबणार नाही, कारण कार्बुरेटरमध्ये पेट्रोल शिल्लक असते. अशा वेळी चोक ओढून मिश्रण घट्ट करावे, म्हणजे ते गुदमरून थांबते. सारे ठीक वाटल्यास दहा मिनिटे चालवावे. गार झाल्यावर प्लग काढून त्याचे टोक उजेडात पाहावे. भाजलेल्या विटेसारखा तांबूस रंग असेल तर दुसऱ्या दिवशी गोमतीच्या पुलापर्यंत जावयास हरकत नाही. टोक पांढरे असेल, तर साबणाचे पाणी पुन्हा घ्यावे.