नर्सिंगला मार्क कमी पडले? आधी घर सावरू, मग दार शोधू

बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो. मागच्या वर्षी निकालाच्या दुपारी आम्ही शिरूर तालुक्यातल्या वडगाव रासाईत होतो. भीमेकाठचे गाव, चहूकडे ऊस, नदीपलीकडे दौंड तालुका. बौद्धवस्तीतल्या एका घरात पेढ्यांचा पुडा आणून ठेवला होता. तो रात्रीपर्यंत तसाच बांधलेला राहिला.

त्या घरातल्या मुलीला लहानपणापासून नर्स व्हायचे होते. आई खुरपणीला जाते, वडील ट्रॅक्टर चालवतात. मुलीला भौतिकशास्त्रात ३६, रसायनशास्त्रात ३७ आणि जीवशास्त्रात ४५ मार्क पडले. बेरीज ११८. बी.एस्सी. नर्सिंगच्या पात्रतेसाठी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना या तीन विषयांत मिळून ३०० पैकी १२० लागतात. दोन मार्क कमी पडले. मुलगी पास झाली होती, एकूण ४६ टक्के होते, तरी घरात कोणी पास झाल्यासारखे बोलत नव्हते.

ती दोन दिवस नीट जेवली नाही. वडील म्हणाले, "आता स्थळं बघायला लागू." तिसऱ्या दिवशी एका एजंटचा फोन आला, "ताई, सीट पक्की करून देतो." जेवण सुटणे, लग्नाची घाई आणि एजंटचा फोन, या तीन गोष्टी आम्हाला अनेक घरांत एकापाठोपाठ येताना दिसल्या आहेत. म्हणून या वेळचे आरोग्य पान आम्ही या विषयाला दिले आहे.

पहिले आठ दिवस मनाचे

मार्क कमी पडल्यावर रडू येणे, झोप न लागणे, भूक मरणे, डोके दुखणे, चिडचिड होणे, कोणाला तोंड दाखवू नये असे वाटणे हा काही आजार नव्हे. वर्षभर मनात धरलेली गोष्ट हातातून निसटली की असे होतेच. बहुतेक मुले आठ-पंधरा दिवसांत सावरतात. या दिवसांत घराने काय करावे?

पहिले म्हणजे मुलाला किंवा मुलीला एकटे जेवायला बसवू नका. सगळ्यांनी सोबत बसा, मार्कांचा विषय ताटावर काढू नका. दुसरे, शेजारच्या पोराशी तुलना करू नका. "तुझ्यासाठी आम्ही उन्हात राबलो" हे वाक्य खरे असले, तरी या आठवड्यात ते बोलू नका. तिसरे, पाहुण्यांना निकाल सांगायचे काम आईवडिलांनी घ्यावे. पोरीला प्रत्येक फोनवर तेच तेच सांगायला लावू नये. चौथे, झोपायची वेळ ठरवा आणि रात्री मोबाईल दुसऱ्या खोलीत किंवा आईच्या उशाशी राहू द्या.

आता नाजूक गोष्ट. "मी तुमच्यावर ओझं आहे", "मी नसते तर बरं झालं असतं" असे बोलणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, एकदम गप्प होणे किंवा पंधरा दिवसांनंतरही खाणेपिणे-झोप जागेवर न येणे, यातले काही दिसले तर ते नाटक समजू नका. सरळ विचारा, "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने असा विचार मनात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. आपल्या भागात घरोघरी पिकावर फवारायचे औषध असते, ते कुलपात ठेवा किंवा काही दिवस घराबाहेर हलवा. मुलाला एकटे सोडू नका. टेलिमानस ही सरकारी मदतसेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत मिळते, मराठीतही बोलता येते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनाही सांगा. कोणी औषध प्यायल्याचा नुसता संशय आला, तरी १०८ ला फोन करा आणि थेट दवाखाना गाठा. मीठपाणी पाजत घरी थांबू नका.

२८२ मार्कांची गोष्ट

आपल्या घरात बाबासाहेबांचा फोटो असतो. त्यांच्या पदव्या आपल्याला पाठ असतात, पण मॅट्रिकचे मार्क क्वचित कोणाला ठाऊक असतात. १९०७ साली भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ मार्क होते. म्हणजे ३८ टक्क्यांच्याही आत. चाळीतल्या एका खोलीत अभ्यास करावा लागे. संस्कृत शिकायचे होते, ते शिकू दिले नाही म्हणून फारसी घ्यावी लागली. तरीही समाजाने त्या यशाचा सत्कार केला. सीताराम केशव बोले अध्यक्ष होते आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले. त्या सभेत ३८ टक्क्यांची लाज कोणी काढली नाही.

पुढे १९२३ मध्ये लंडनच्या परीक्षकांनी त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध दुरुस्त करून आणायला सांगितला. त्यांनी तो दुरुस्त करून पुन्हा सादर केला आणि त्याच वर्षी डी.एस्सी. मिळाली.

ही गोष्ट पोराला टोमणा म्हणून सांगू नका. "बाबासाहेबांनी दिव्याखाली अभ्यास केला, तुला सगळं असून जमेना" असे म्हटले की तिचा उपयोग संपतो. एका परीक्षेचे मार्क त्या परीक्षेपुरते असतात आणि परत आलेला कागद दुरुस्त करून पुन्हा देता येतो, एवढेच त्यातून घ्यायचे.

दारे किती आहेत?

नर्सिंगला एकच दार नाही. मुख्य दारे तीन.

बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे. बारावी विज्ञान, भौतिक-रसायन-जीवशास्त्रात मिळून ४५ टक्के, अनुसूचित जातीला ४० टक्के आणि इंग्रजीत पास. शिवाय राज्याची सीईटी द्यावी लागते. तिचा अर्ज निकालाच्या आधीच भरावा लागतो, हे अकरावी-बारावीच्या पालकांनी आजच लिहून ठेवा.

जीएनएम तीन वर्षांचे. विज्ञानाला पसंती असली तरी इतर शाखाही चालतात. इंग्रजीसह बारावीला एकूण ४० टक्के लागतात, अनुसूचित जातीला ५ टक्क्यांची सूट आहे. मुलगेही येथे अर्ज करू शकतात.

एएनएम दोन वर्षांचे, फक्त मुलींसाठी, बारावी पास झालेल्यांना. उपकेंद्रात लस टोचणाऱ्या, गरोदर बायांची तपासणी करणाऱ्या ज्या आरोग्यसेविकेला आपण सिस्टर म्हणतो, त्यांचे हेच शिक्षण.

खालचे दार म्हणजे कायमचे खाली राहणे नव्हे. एएनएमनंतर जीएनएम करता येते. जीएनएमनंतर दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. आणि त्यापुढे एम.एस्सी. करता येते. पात्र असणे म्हणजे प्रवेश मिळणे नव्हे, सरकारी संस्थांत यादी वर जाते, हेही मनाशी धरा. प्रवेशाचे नियम वर्षागणिक बदलतात, म्हणून अर्जाआधी त्या वर्षीची माहितीपुस्तिका मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या.

मार्क फारच अनपेक्षित वाटले, तर बोर्डाकडून उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवता येते, त्यानंतर पुनर्मूल्यांकनाला अर्ज करता येतो. मुदत थोड्या दिवसांचीच असते. नापास झालेल्यांसाठी जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा असते. पास झालेल्यांना श्रेणीसुधार योजनेत पुन्हा बसता येते. एक वर्ष गेले म्हणून वय निघून जात नाही.

एजंटला विचारायचे तीन प्रश्न

निराश घर घाईत पैसे देते, हे एजंटला ठाऊक असते. म्हणून पैसे देण्याआधी विचारा.

एक, संस्थेला भारतीय परिचर्या परिषदेची आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची या वर्षाची मान्यता आहे का? सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा "पेशंट केअर" कोर्स करून दवाखान्यात मदतनीस म्हणून काम मिळेल, पण नर्स म्हणून कौन्सिलमध्ये नोंदणी होणार नाही.

दोन, परीक्षा कोण घेते? बी.एस्सी. असेल तर बहुतेक कॉलेजांच्या बाबतीत नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ हे उत्तर आले पाहिजे.

तीन, सीट केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतली आहे की मॅनेजमेंट कोट्यातली? मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या सीटला सरकारी शिष्यवृत्ती मिळत नाही. तेथेच घरे कर्जात बुडतात. मूळ मार्कलिस्ट आणि शाळा सोडल्याचा दाखला एजंटच्या हाती कधीही देऊ नका, आणि पावतीशिवाय एक रुपया देऊ नका.

जातीचा दाखला, जात पडताळणी प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला अकरावीतच तयार करायला घ्या. मार्क पुरत असूनही पडताळणीचा कागद नाही म्हणून सीट गेली, तर ते दुःख मार्कांपेक्षा मोठे असते.

त्या घरात पुढे काय झाले?

पुडा दुसऱ्या दिवशी आजीने सोडला. म्हणाली, "पोरगी पास झाली, पेढे कशाला नासवता?" छायांकित प्रत मागवली. मार्क वाढले नाहीत, पण भौतिकशास्त्रातली गणिते कोरी सोडली होती हे कळले. वडिलांनी स्थळांचा विषय एक वर्ष बाजूला ठेवतो असे कबूल केले. एजंटला आईने तिन्ही प्रश्न विचारले. दुसऱ्या प्रश्नालाच त्याने फोन ठेवला. जीएनएमच्या पहिल्या यादीत मुलीचे नाव नव्हते. दुसऱ्या फेरीत लागले.

सुट्टीला आली तेव्हा तिने आजीचे बीपी मोजले आणि गोळ्या वेळेवर घेत नाही म्हणून आजीलाच दम भरला. आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वतःच्या हातांनी धुतले-पुसले, ही गोष्ट आपण विहारात ऐकत आलो आहोत. अशा कामाची ओढ तुमच्या घरातल्या मुलात असेल, तर दोन मार्कांसाठी ती विझू देऊ नका.

येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात थोडा वेळ थांबा. अकरावी-बारावीची मुले कोणकोणत्या घरात आहेत आणि कोणाचा कोणता दाखला बाकी आहे, याची एक यादी करा. निकालाच्या दिवशी ती कामाला येईल.

जय भीम.