मॅथ्स की एस. पी.?

अकरावी कॉमर्सच्या प्रवेशाच्या वेळी हा प्रश्न हमखास विचारला जातो: मॅथ्स की एस. पी.? म्हणजे गणित घेणार की चिटणिसाची कार्यपद्धती? दहावीच्या भूमितीने पोळलेली मुलं डोळे मिटून एस. पी.वर खूण करतात. पालकही ‘टक्के तरी वाढतील’ म्हणत मान डोलावतात. दोन वर्षांनी त्यांतलीच एखादी मुलगी म्हणते, इकॉनॉमिक्स करायचंय, जमलं तर दिल्लीला. मग कळतं की दिल्ली विद्यापीठाच्या बी. ए. ऑनर्स इकॉनॉमिक्ससाठी सीयूईटी या प्रवेश परीक्षेत गणिताचा पेपर द्यावाच लागतो.

अर्थशास्त्र हा पाठांतराचा विषय, हा समज आपल्या शाळा-कॉलेजांतल्या गाईडांनी पक्का केला आहे. हल्ली त्यात एका नव्या समजाची भर पडली आहे: अर्थशास्त्र शिकलं की शेअर बाजार कळतो. कोणता शेअर घ्यावा हे या विषयाचा कोणताही प्राध्यापक सांगणार नाही, आणि जो सांगेल त्याच्यापासून लांब राहिलेलं बरं.

इकॉनॉमिक्स आणि फायनान्स यांतला फरक मात्र पालकांनी नीट समजून घ्यावा. समजा, रिझर्व्ह बँकेने रेपो दर पाव टक्क्याने उतरवला. तुमचं घराचं कर्ज आहे 40 लाखांचं, 20 वर्षांचं, साडेआठ टक्क्यांनी. हप्ता 34,700 रुपयांच्या आसपास. व्याज सव्वाआठ टक्के झालं की तो साधारण 630 रुपयांनी खाली येतो. हा हिशेब करणं, अशा हजारो कर्जांत बँकेचे किती पैसे बुडू शकतात ते मोजणं, कंपनीने भांडवल कर्ज काढून उभारावं की शेअर विकून हे ठरवणं, ही फायनान्सवाल्याची कामं. दर मुळात उतरवला का, महागाई 4 टक्क्यांच्या लक्ष्याजवळ राहील का, दर उतरूनही बँका ग्राहकाचा हप्ता कमी करायला वेळ का लावतात, हे अर्थशास्त्राचे प्रश्न.

या प्रश्नांवर पोट भरायचं असेल तर नुसती पदवी पुरत नाही. यूपीएससीच्या इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसला अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते. रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक संशोधन विभागात अधिकारी व्हायलाही पदव्युत्तर शिक्षण हवं. तेव्हा पाच वर्षांच्या शिक्षणाची आणि खर्चाची तयारी पहिल्या दिवसापासून ठेवा. फायनान्समध्ये कमाई तुलनेने लवकर सुरू होऊ शकते, पण तिथे परीक्षांची रांग असते: सीएच्या तीन पायऱ्या आणि आर्टिकलशिप, सीएफएच्या तीन लेव्हल्स आणि डॉलरमध्ये भरायची फी.

आणि दोन्हीकडे गणित आहेच. सीए फाउंडेशनलाही गणित आणि संख्याशास्त्राचा पेपर असतो. अर्थशास्त्रात तर दुसऱ्या वर्षापर्यंत मागणीचा वक्र बाजूला राहतो आणि डेरिव्हेटिव्ह समोर येतं. पुढे संख्याशास्त्र, मग इकॉनोमेट्रिक्स. आपल्या बोर्डाचं बारावी कॉमर्सचं गणिताचं पुस्तक एकदा उघडून पाहा. डिफरन्शिएशन, मॅट्रिसेस, लिनिअर रिग्रेशन, इंडेक्स नंबर, ॲन्युइटी. वरचा गृहकर्जाचा हप्ता त्यातल्याच गणिताने निघतो. इतका उपयोगी विषय टक्क्यांसाठी सोडायचा, हा सौदा मला तरी महागात पडणारा वाटतो.

शिकायला लांबच जायला हवं असंही नाही. पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट 1930 सालची, वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्याचा गाजलेला अभ्यास 1971 मध्ये प्रसिद्ध केला, तो याच संस्थेत काम करताना. तिथे आता पदवीपासूनच अर्थशास्त्र शिकता येतं. गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था रिझर्व्ह बँकेने उभी केली, ती पदवीनंतरची. आयआयटी मुंबईतही इकॉनॉमिक्सची पदवी आहे, मात्र वाट जेईई ॲडव्हान्स्डमधून जाते. बी. ए., बी. एस्सी. झाल्यावर आयआयटीत जायचं असेल तर ‘जॅम’ या परीक्षेत 2021 पासून अर्थशास्त्राचा स्वतंत्र पेपर आहे.

एस. पी. घेऊन बसलेल्यांचं काय? बी. कॉम., बी. ए. एफ., सीए ही दारं उघडी आहेत. त्यातही गणित करावं लागेल, फक्त उशिरा आणि क्लासची फी भरून.

पालकांना एक विनंती. कॉलेजात चौकशीला जाल तेव्हा सर्वांत मोठं पॅकेज किती लाखांचं होतं, एवढंच विचारून परत येऊ नका. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम मागून घ्या. त्यात संख्याशास्त्र आणि इकॉनोमेट्रिक्सचे पेपर किती आहेत, कॉम्प्युटरवर आकडेवारी हाताळायला शिकवतात का, ते पाहा आणि मगच फी भरा.