आरसा व घरातील धास्ती

आरसा शय्येसमोर नसावा, रात्री त्यात मुख पाहू नये, उत्तर वा पूर्व भिंत उत्तम, फुटका आरसा घरात ठेवू नये, असे नियम आपण नेहमी ऐकतो. ते मोडल्यास वास्तूची शक्ती क्षीण होते, अशी धास्ती पुष्कळांस वाटते. तिचा थोडा विचार करू.

प्रथम पूजाविधी पाहावा. छत्र-चामरांप्रमाणे देवास दर्पण दाखविणे हा राजोपचार होय. पुरी येथे जगन्नाथाच्या काष्ठमूर्तीस नित्य जलस्नान घालीत नाहीत. पितळी दर्पणातील प्रतिबिंबास घालतात. बंगालात दुर्गेच्या मृण्मय मूर्तीचे महास्नानही दर्पणातच होते. ज्या आरशातील प्रतिबिंब देव म्हणून स्नानास पात्र ठरते, तो घरास बाधक कसा व्हावा?

दुसरे असे, की काचेस चांदीचा लेप देण्याची रासायनिक रीत लीबिग या जर्मन शास्त्रज्ञाने १८३५ साली दाखविली. आपल्याकडील जुना आरसा धातूचा व बहुधा हाती धरावयाचा. तेव्हा भिंतीवरील मोठ्या आरशाचे नियम फार प्राचीन नसावेत.

तथापि त्यांत व्यवहार आहे. अर्धवट झोपेत प्रतिबिंब हलताना दिसल्यास मूल दचकते. फुटक्या काचेने पाय कापतो. तेवढ्यासाठी ते अवश्य पाळावेत. मात्र आरसा फुटला म्हणून नव्या सुनेच्या पायगुणास दूषण देणे, हा कोणताही धर्म नव्हे. काच वेचावी, देवापुढे दिवा लावावा आणि तिला जेवावयास बोलवावे.