जुन्या गाडीचा फ्यूज-बॉक्स बदलला, आणि लाईट गेले



ऊस सोडून आम्ही वायरींवर का लिहू लागलो, असे आपणास वाटेल. कारण सांगतो. गाळप हंगामात उमरखेड-पुसद रस्त्याने रात्री-बेरात्री उसाच्या ट्रॉल्या धावतात. मागचा लाल दिवा बंद असला की ट्रॉली अंधारात दिसत नाही, आणि मागून येणारा मोटारसायकलवाला थेट उसात घुसतो. अशी वेळ कोणाच्याही लेकरावर येऊ नये.

आपल्याकडे जुने ट्रॅक्टर व जीप आहेत. एखाद्याच्या वाड्यात कुर्ल्याची पद्मिनी किंवा उत्तरपाड्याची अँबेसेडर जपलेली असते. अँबेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. अशा गाड्यांचा मूळ फ्यूज-बॉक्स सहजी मिळत नाही, म्हणून बाजारातला पातीच्या फ्यूजचा नवा बॉक्स बसवतात. गडबड तिथून सुरू होते.

आमचीच चूक सांगतो. आमच्या जुन्या जीपला नवा बॉक्स बसवला. हॉर्न वाजला, पण मागचे दिवे लागेनात. घाईत आम्ही फ्यूज सोडून बॅटरीची सरळ वायर दिव्यांना दिली. खड्ड्यात गाडी आदळली, वायर चासीला घासली आणि खालून धूर निघाला. बॅटरीचा लग वेळेवर काढला म्हणून गाडी वाचली. नंतर कळले, जुन्या बॉक्समध्ये पितळी पट्टीने दोन-तीन फ्यूज एकत्र जोडलेले होते. नव्या बॉक्समध्ये प्रत्येक फ्यूज सुटा. दिव्यांच्या फ्यूजला करंट येणार कुठून?

तेव्हा दोष असा शोधावा:

१. पहिले बॅटरीचा बॉडीला जोडलेला लग काढा. बहुतेक गाड्यांत तो ऋण असतो, काही फार जुन्या गाड्यांत धन. आधी पाहून घ्या. जुना बॉक्स खोलण्याआधी मोबाईलवर फोटो काढा आणि प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधा.

२. लग परत लावून १२ व्होल्ट, ५ वॅटच्या बल्बला दोन वायरी जोडा. एक बॉडीच्या स्वच्छ लोखंडाला धरा, दुसरी फ्यूजच्या एकेका टोकाला लावा. चावी व दिव्याचे बटन चालू ठेवा. दोन्हीकडे अंधार असेल तर करंट पोचतच नाही. पट्टीची जोडणी पाहा. एकीकडेच लागला तर फ्यूज उडालेला किंवा ढिला. दोन्हीकडे लागला तर दोष पुढे, वायर, बल्ब किंवा अर्थिंगमध्ये. पट्टीच्या जागी टाकायची वायर मुख्य वायरीइतकीच जाड हवी. चावीवरचे व थेट बॅटरीवरचे फ्यूज एकमेकांना जोडू नका. चावी काढली तरी करंट चालू राहील.

३. ब्रेक दाबताच पार्किंगचा दिवा मंदावतो, इंडिकेटरबरोबर दुसरे दिवे मिचकतात, तर समजा अर्थिंग खराब आहे. रंग-गंज खरडून नट घट्ट करा. ट्रॉलीला हुकाच्या पिनवर भरवसा न ठेवता अर्थिंगची वेगळी वायर न्या.

४. फ्यूज पुनःपुन्हा उडत असेल तर त्याच्या जागी २१ वॅटचा बल्ब जोडा आणि त्या लाईनचे सर्व बल्ब काढा. तरीही हा बल्ब पूर्ण पेटला तर शॉर्ट आहे. एकेक वायर सोडत जा. जी सोडताच बल्ब विझेल, चोर तिच्यातच. या बल्बमधून दोन अँपिअरहूनही कमी करंट जातो, त्यामुळे वायर जळत नाही.

५. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. ६० वॅटचे दोन हेडलाईट म्हणजे १२० भागिले १२, म्हणजे १० अँपिअर. त्याला १५ चा फ्यूज पुरे. विलायती बनावटीच्या जुन्या काचेच्या फ्यूजवरचा ३५ हा आकडा फ्यूज उडण्याचा असतो. सतत तो १७ च्या आसपासच सोसतो. आकडा पाहून ३५ ची पाती टाकाल, तर फ्यूजच्या आधी वायर जळेल.

फ्यूज हा वायरीचा राखणदार आहे. त्याच्या जागी चांदीचा कागद किंवा तार कधीही घालू नये. पोळ्याला बैलाची जशी निगा घेतो, तशी हंगामाआधी एक दुपार गाडीला द्यावी, ही सर्व सभासदांना कळकळीची विनंती.

— ऊस विकास अधिकारी